तेरा मुलं आणि एक चुकलेलं नाव

१९४८ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी'मध्ये एक शोधनिबंध छापून आला. शीर्षक होतं 'मेलॅनोमाज ऑफ चाइल्डहूड', म्हणजे बालपणातले मेलॅनोमा. लेखिका सोफी स्पिट्झ, न्यू यॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजिस्ट. निबंधात तेरा मुलांची हकिगत होती. तेराही जणांच्या कातडीवरची गाठ कापून काढलेली होती आणि मायक्रोस्कोपखाली ती मेलॅनोमासारखी दिसत होती. मेलॅनोमा म्हणजे त्वचेच्या कॅन्सरांमधला सगळ्यात खुनशी प्रकार. त्या काळात तो एकदा शरीरात पसरला की डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नसे.

त्या तेरा मुलांपैकी एक दगावलं. बारा जगली.

हा आकडा नीट पाहिला तर विचित्र आहे. इतका जीवघेणा आजार आणि तेरातली बारा मुलं ठणठणीत? एक तर मुलांच्या शरीरात काहीतरी जादू असली पाहिजे, नाहीतर त्या बाराजणांना झालेला आजार मेलॅनोमा नव्हताच. वैद्यकशास्त्राला या दोनमधलं एक उत्तर निवडायला बारा वर्षं लागली. आणि निवडल्यानंतरही प्रश्न पुरता मिटला नाही, तो आजही पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर येतो.

मी डॉक्टर नाही. मी पुण्यात एका पेमेंट कंपनीत फ्रॉड डिटेक्शनचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे कार्डावरचा कुठला व्यवहार खरा आणि कुठला चोरीचा, हे ओळखणारा कोड. खऱ्याला खोटं म्हणणं आणि खोट्याला खरं म्हणणं, या दोन चुकांच्या मध्ये माझा पगार आहे. त्यामुळे ही गोष्ट वाचायला लागल्यावर मला ती परकी वाटली नाही.

तीळ, मस, चामखीळ, लासं

आपल्याकडे कातडीवरच्या डागांना शब्द भरपूर आहेत. तीळ, मस, चामखीळ, लासं. पूर्वी शाळेच्या आणि परीक्षेच्या फॉर्मवर 'ओळखखूण' असा रकाना असायचा आणि त्यात आपण बिनधास्त 'उजव्या गालावर तीळ' असं लिहायचो. तीळ ही भीतीची गोष्ट नव्हती, ओळखीची होती.

वैद्यकीय भाषेत तिळाला नीव्हस म्हणतात. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन बनवतात, ज्यानं कातडीला रंग येतो. गंमत म्हणजे गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात याचा. या पेशी एका जागी गोळा होऊन शांत बसल्या की तीळ होतो. त्याच पेशी बेबंद वाढून आजूबाजूला घुसायला लागल्या की मेलॅनोमा.

म्हणजे दोघांचं कूळ एकच. शांत भाऊ आणि गुंड भाऊ. चेहरेपट्टी सारखी, आणि ओळखायचं फोटोवरून.

मेलॅनोमाची वैद्यकीय ओळखही फार जुनी नाही. १७८७ साली लंडनमध्ये जॉन हंटर या सर्जननं एका पस्तिशीतल्या माणसाच्या जबड्याजवळची, एकदा काढूनही परत आलेली गाठ कापली. ती नक्की काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं ती बाटलीत घालून जपून ठेवली. १९६८ साली, म्हणजे १८१ वर्षांनी, त्या जपलेल्या तुकड्याची मायक्रोस्कोपखाली तपासणी झाली आणि तो मेलॅनोमा असल्याचं नक्की झालं. स्टेथोस्कोपमुळे आपल्याला माहीत असलेल्या रेने लॅनेक यानं १८०६ मध्ये या आजाराला 'मेलॅनोज' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळा.

पुढे १९०७ साली विल्यम सॅम्पसन हँडली या ब्रिटिश सर्जननं मेलॅनोमानं मरण पावलेल्या एका बाईचं शवविच्छेदन करून हा रोग लसिकावाहिन्यांमधून कसा पसरतो याचं वर्णन केलं आणि गाठीभोवतीची बरीच कातडी आणि खालची चरबी कापून टाकावी असं सुचवलं. एका शवविच्छेदनावर उभा असलेला हा सल्ला पुढची कित्येक दशकं सर्जरीत प्रमाण मानला गेला. गाठ मिलिमीटरमध्ये आणि काप सेंटिमीटरमध्ये.

आता हे सगळं सहा वर्षांच्या मुलाच्या गालावर करायचं आहे, अशी कल्पना करा. रिपोर्टवर कुठलं नाव लिहिलं जातं, यावर काय काय अवलंबून असतं ते लगेच कळेल.

स्लाइडवर दिसतं तेवढंच

पॅथॉलॉजिस्टचं काम बाहेरून जादूसारखं वाटतं, पण त्याची सामग्री फार थोडी आहे. कापून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. मेणाचा तो छोटा ठोकळा म्हणजे 'ब्लॉक'. ज्यांच्या घरातलं कुणी कॅन्सरच्या शंकेनं मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवायला गेलं आहे, त्यांना हा शब्द ओळखीचा असेल: 'स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या.' या ब्लॉकचे केसापेक्षा कितीतरी पातळ, चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात आणि ते काचेवर घेऊन रंगवतात.

रंग दोन. हेमॅटॉक्सिलिन, जो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. त्यानं पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात. आणि इओसिन, ज्यानं बाकीचं गुलाबी होतं. एकोणिसाव्या शतकातली ही जोडगोळी आजही जगभरच्या लॅबमध्ये रोज वापरली जाते.

या निळ्या-गुलाबी चित्रावरून पॅथॉलॉजिस्टला भविष्य सांगायचं असतं. ही गाठ पुढे काय करेल? ती गाठ तर आता मेलेली आहे, मेणात आहे. ती काय करणार होती हे तिच्या आकारावरून ओळखायचं. केंद्रकं मोठी आहेत का, पेशी विभागताना दिसतायत का, थरांची शिस्त मोडली आहे का. ही सगळी वाईट लक्षणं.

आणि नेमकी हीच वाईट लक्षणं त्या तेराही गाठींमध्ये होती.

या गाठी बाहेरून कशा दिसतात तेही सांगतो. बहुतेकदा मुलाच्या चेहऱ्यावर नाहीतर पायावर, घुमटासारखी, गुळगुळीत, लालसर किंवा गुलाबी पुटकुळी. काही महिन्यांत भरभर वाढते, मग थांबते. काही गडद तपकिरी, जवळपास काळ्याही असतात. डॉक्टरलाही पहिल्यांदा मेलॅनोमा सुचत नाही. कापून लॅबमध्ये पाठवल्यावर मात्र स्लाइडवर दिसतात मोठमोठ्या पेशी, काही चातीसारख्या लांबट, काही फरशीसारख्या रुंद, ठळक केंद्रकांच्या, विभागत असलेल्या. बाहेरून पुटकुळी, आतून खुनी.

हा गोंधळ स्पिट्झ यांच्याही आधीचा होता. १९१० साली पॅरिसमध्ये दारिए आणि सिवात या दोन नामांकित त्वचारोगतज्ज्ञांनी एका तान्ह्या बाळाच्या नाकावरच्या गाठीची केस मांडली होती. ही गाठ तीळ म्हणायची की कॅन्सर, हा प्रश्नच त्यांनी शीर्षकात घातला होता.

स्पिट्झबाईंनी काय केलं

सोफी स्पिट्झ यांचा जन्म १९१० चा, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावचा. १९३२ मध्ये त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. वर्गात बाई असणं हीच तेव्हा बातमी होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्याच्या पॅथॉलॉजी संस्थेत काम केलं आणि कर्नल जेम्स अ‍ॅश यांच्याबरोबर उष्ण कटिबंधातल्या रोगांचा एक मोठा सचित्र अ‍ॅटलास तयार केला; तो १९४५ मध्ये निघाला. आफ्रिका-आशियात लढणाऱ्या सैनिकांना होणारे आजार ओळखता यावेत म्हणून. पॅथॉलॉजिस्टच असलेले त्यांचे पती आर्थर अ‍ॅलन यांच्याबरोबर त्यांनी पुढे मेलॅनोमावर बरंच काम केलं.

१९४८ च्या निबंधात स्पिट्झबाईंनी केलेली गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे. मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना आधीपासून शंका होतीच, की पौगंडावस्थेआधीच्या मुलांमधला 'मेलॅनोमा' मोठ्या माणसांसारखा वागत नाही. बाईंनी मुलांच्या स्लाइड्स काढल्या आणि त्यांच्या शेजारी एक प्रश्न ठेवला: या मुलाचं पुढे काय झालं?

माझ्या धंद्यात याला लेबल म्हणतात. आमचं मॉडेल एखादा व्यवहार अडवतं तेव्हा तो अडवणं बरोबर होतं की नाही, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं. ते कळतं काही आठवड्यांनी, ग्राहकाची तक्रार आली किंवा नाही आली की. मधल्या काळात मॉडेल स्वतःवर खूश असतं. जोपर्यंत कुणी मागे जाऊन 'आपण ज्यांना चोर म्हटलं त्यांचं पुढे काय झालं' असं विचारत नाही, तोपर्यंत ते खूशच राहतं.

पॅथॉलॉजीत हा उशीर आठवड्यांचा नसतो, वर्षांचा असतो. त्यात आणखी एक खोच आहे. मुलाची गाठ मेलॅनोमा समजून भरपूर कातडीसकट कापली आणि मूल जगलं, तर सर्जन म्हणणार, 'बघा, वेळेवर कापलं म्हणून वाचलं.' आई-वडील पेढे वाटणार. निदान चुकलं होतं असं म्हणायला कुणापाशीच कारण नाही. चुकीचं निदान इथे स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतं.

स्पिट्झबाईंनी हे चक्र अर्धं मोडलं. अर्धंच का, तर त्यांनीही त्या गाठींना मेलॅनोमाच म्हटलं. त्यांना दिसत होतं की ही मुलं मरत नाहीत. पण स्लाइडवर जे दिसतंय ते मेलॅनोमापेक्षा खात्रीनं वेगळं काढता येत नव्हतं. काही गाठींमध्ये अनेक केंद्रकं असलेल्या महाकाय पेशी होत्या, तो त्यांना एक धागा वाटला. एरवी त्यांचा निष्कर्ष असा, की मुलांमधला मेलॅनोमा दिसायला तसाच, पण वागायला सौम्य. 'ज्युव्हेनाइल मेलॅनोमा' हे नाव त्यातून रूढ झालं. वयात येताना शरीरात बदलणारी हार्मोन्स या गाठींना बिघडवत असावीत, असा तर्क होता.

बाराजणांच्या रिपोर्टवरचा शब्द तोच राहिला. फक्त त्याच्यापुढे 'बालपणातला' असं लागलं.

नाव बदललं

हार्मोनच्या तर्काला एक कमकुवत जागा होती. तो खरा असेल तर अशी सौम्य गाठ मोठ्या माणसात सापडता कामा नये.

१९६० मध्ये केर्नेन आणि लॉरेन अ‍ॅकरमन यांनी 'कॅन्सर' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांनी दाखवलं की हुबेहूब अशाच गाठी मोठ्या माणसांमध्येही होतात, आणि तीही माणसं मरत नाहीत. म्हणजे फरक मुलाच्या शरीरात नव्हता, गाठीत होता. हा सौम्य वागणारा मेलॅनोमा नव्हताच, भडक दिसणारा तीळ होता. त्यांनी त्याला पेशींच्या आकारावरून नाव दिलं: स्पिंडल सेल आणि एपिथेलिऑइड सेल नीव्हस. इतकं लांब नाव कोण रोज घेणार? हळूहळू सगळे त्याला 'स्पिट्झ नीव्हस' म्हणू लागले.

हे बघायला स्पिट्झबाई नव्हत्या. १९५६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, आतड्याच्या कॅन्सरनं त्या गेल्या. ज्या गाठीला त्यांनी मेलॅनोमा म्हटलं, तिचं मेलॅनोमा हे नाव पुसून तिथे त्यांचं नाव लागलं. वैद्यकशास्त्र कधीकधी अशीही पावती देतं.

आणि ते तेरावं मूल? ज्याचा जीव गेला त्याला खरा मेलॅनोमा होता, असं पुढच्या लोकांनी मानलं. म्हणजे बारा गाठी एका रोगाच्या आणि एक दुसऱ्याच. काचेवर मात्र तेरा एका रांगेत बसल्या होत्या.

पुढच्या वीस वर्षांत पॅथॉलॉजिस्टांनी दोघांना वेगळं ओळखायच्या खुणा गोळा केल्या. स्पिट्झ नीव्हस सहसा सममित असतो. मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या. त्याच्या कडा स्पष्ट असतात. वरून खाली जाल तशा पेशी लहान होत जातात, जणू निवळत जातात. मेलॅनोमात असं निवळणं सहसा दिसत नाही आणि खोलवरही पेशी विभागताना सापडतात. १९७९ मध्ये हिदेको कामिनो आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झ नीव्हसमध्ये दिसणाऱ्या फिक्या गुलाबी गोळ्यांचं वर्णन केलं. आज त्यांना 'कामिनो बॉडीज' म्हणतात.

यातली एकही खूण एकटी पुरत नाही. सगळ्या मिळून कौल देतात, आणि कौल देणारा माणूस असतो.

मधला पट्टा

हे सगळं मी का वाचत बसलो, ते आता सांगतो. माझा मावसभाऊ नाशिकला असतो. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर एक लाल पुटकुळी आली. तीन-चार महिन्यांत ती वाटाण्याएवढी झाली. डॉक्टरांनी काढली, लॅबला पाठवली. एका रात्री साडेअकराला दादाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. पीडीएफ, आणि खाली: 'हे बघ रे जरा. तुमच्या एआयला विचार.'

रिपोर्टात लिहिलं होतं: स्पिट्झॉइड गाठ, काही असामान्य लक्षणं, मेलॅनोमाची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.

दादानं त्यातला एकच शब्द वाचला होता. वहिनीनं गुगल करून त्या शब्दाचे फोटो पाहिले होते. त्या रात्री त्या घरात कुणी झोपलं नाही. मुलगी तेवढी झोपली, गालावर बँडेज लावून.

मी एआयला विचारलं नाही. तो शब्द शोधत गेलो आणि १९९९ सालच्या एका निबंधापाशी पोचलो. रेमंड बार्नहिल आणि सहकाऱ्यांनी अशाच कठीण गाठींच्या स्लाइड्स नामवंत तज्ज्ञांच्या पॅनेलपुढे ठेवल्या होत्या. रुग्णाचं पुढे काय झालं ते न सांगता. स्पिट्झसारख्या दिसणाऱ्या सतरा गाठींपैकी फक्त एका गाठीबद्दल सहा किंवा अधिक तज्ज्ञांचं एका निदानावर एकमत झालं. सतरापैकी एक. आणि जीव घेतलेल्या काही गाठींना बहुतेक तज्ज्ञांनी तीळ किंवा मधली काहीतरी गाठ ठरवलं होतं.

२०१७ मध्ये जोआन एल्मोर यांच्या गटानं अमेरिकेतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टांना घेऊन मोठा अभ्यास केला. २४० बायॉप्सी. साध्या तिळावर बहुतेकांचं निदान बरोबर आलं. उघड पसरलेल्या मेलॅनोमावरही बऱ्यापैकी. मधल्या पट्ट्यात मात्र, जिथे असामान्य स्पिट्झ गाठी येतात, अचूकता निम्म्याच्याही खाली घसरली. काही महिन्यांनी तीच स्लाइड त्याच डॉक्टरला परत दाखवली, तर पुष्कळदा उत्तर बदललं.

हे वाचून डॉक्टरांवर राग येऊ शकतो. मला आला नाही. एक खेळ करून बघा. समजा, दहा हजार मुलांच्या अशा पुटकुळ्या आहेत आणि त्यात खरा मेलॅनोमा एकच आहे. समजा, तुमचा डोळा ९५ टक्के वेळा बरोबर असतो. तरीही तुम्ही जवळपास पाचशे निरोगी मुलांना मेलॅनोमा सांगाल. हे आकडे मी फक्त हिशेबासाठी घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. दुर्मीळ गोष्ट शोधताना चांगला डोळाही बहुतेक वेळा खोटा गजर करतो.

मग गजरच कमी करा? तो एक खरा मेलॅनोमा सुटला तर मूल जाईल. अमेरिकेत पॅथॉलॉजिस्टांवर जे दावे होतात, त्यांत सुटलेला मेलॅनोमा हे नेहमी वरच्या क्रमांकाचं कारण असतं. पाचशे मुलांना उगीच घाबरवल्याबद्दल सहसा कुणी कोर्टात जात नाही. त्यामुळे पेन आपोआप एका बाजूला झुकतं आणि 'नाकारता येत नाही' हे वाक्य जन्माला येतं.

या मधल्या पट्ट्यावरून पॅथॉलॉजीत मोठी भांडणं झाली आहेत. न्यू यॉर्कचे ए. बर्नार्ड अ‍ॅकरमन (१९६० च्या निबंधातले अ‍ॅकरमन वेगळे) आयुष्यभर सांगत राहिले की 'असामान्य' वगैरे शब्द म्हणजे पळवाट आहे. गाठ तीळ असते किंवा मेलॅनोमा, तिसरं काही नसतं. दुसऱ्या बाजूचे म्हणत, आम्हाला माहीत नाही हे लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

त्यात निसर्गानं आणखी एक कोडं टाकलं. असामान्य स्पिट्झ गाठी असलेल्या रुग्णांच्या जवळच्या लसिकाग्रंथी काढून तपासल्या, तर सुमारे ४० टक्के जणांमध्ये गाठीच्या पेशी तिथे पोचलेल्या आढळल्या. एरवी याचा अर्थ कॅन्सर पसरला असाच होतो. पण २०१४ सालच्या एका आढाव्यात अशा पाचशेहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यातले ९९ टक्के जिवंत होते. म्हणजे 'पसरणं' हाही पुरावा इथे पुरत नाही. स्पिट्झबाईंचाच प्रश्न परत विचारावा लागला: पुढे काय झालं?

दादाला मी रात्री एक वाजता फोन केला. म्हटलं, 'दादा, सकाळी लॅबमध्ये जा आणि ब्लॉक माग. स्लाइड नको, ब्लॉक. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, ज्यांनी अशा गाठी पुष्कळ पाहिल्यात.' तो म्हणाला, 'म्हणजे रिपोर्ट चुकीचाय?' मी म्हटलं, 'रिपोर्टात लिहिलंय की त्यांना नक्की माहीत नाही. ते खरंच लिहिलंय.' दहा दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला: स्पिट्झ नीव्हस, कडा मोकळ्या. पुढे काही कापायचं नाही, वर्षभर अधूनमधून दाखवायचं. ते दहा दिवस त्या घरानं कसे काढले, हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

जनुकं आली, मशीन आलं

डोळ्याची मर्यादा आली की माणूस दुसरं साधन शोधतो. बोरिस बास्टियन आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींच्या पेशींमधले क्रोमोसोम तपासायला सुरुवात केली. २००० च्या आसपास त्यांना दिसलं की काही स्पिट्झ गाठींमध्ये अकराव्या क्रोमोसोमच्या आखूड बाजूच्या जादा प्रती असतात, जिथे एचआरएएस नावाचं जनुक बसतं. २००३ मध्ये त्यांनी १३२ मेलॅनोमा तपासले तर ९६ टक्क्यांत क्रोमोसोमचे तुकडे कमी-जास्त झालेले सापडले. साध्या तिळांत ही मोडतोड जवळजवळ नव्हती. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट कळली: निम्म्या स्पिट्झ गाठींमध्ये दोन जनुकं चुकीच्या जागी एकमेकांना चिकटलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या वर्गीकरणात स्पिट्झ गाठींना स्वतःची वेगळी वाट दिली.

म्हणजे सोफी स्पिट्झ यांनी ज्या गाठी वागण्यावरून वेगळ्या काढल्या, त्या सत्तर वर्षांनी डीएनएवरूनही वेगळ्या निघाल्या. पण इथेही मधल्या पट्ट्यातल्या काही गाठी थोडंसं इकडचं, थोडंसं तिकडचं दाखवतातच.

आणि आता दादा म्हणतो ते एआय. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डच्या गटाचा गाजलेला निबंध आला. १,२९,४५० फोटोंवर शिकवलेलं मॉडेल मेलॅनोमा आणि तीळ ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरलं. बातम्यांनी डॉक्टरांची नोकरी जाणार असं जाहीर करून टाकलं. नंतर त्याच मंडळींनी एक मजेशीर गोष्ट सांगितली. फोटोत मोजपट्टी असली की मॉडेल गाठ घातक म्हणण्याकडे झुकायचं. कारण सरळ आहे: डॉक्टरला शंका आली की तो शेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो. मशीन थोडंफार डॉक्टरच्या भीतीवरूनही शिकलं होतं.

मशीनपुढे आणखी दोन अडचणी आहेत. एक, त्याला शिकवायला जी 'खरी उत्तरं' वापरतात, ती पॅथॉलॉजिस्टच्याच रिपोर्टमधून येतात. त्या मधल्या पट्ट्यात पॅथॉलॉजिस्टांचंच एकमत नसेल, तर मशीन नक्की काय शिकणार? दोन, फोटो बहुतांशी गोऱ्या कातडीचे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णाच्या त्वचेचे ६५६ फोटो घेऊन प्रसिद्ध मॉडेल्स तपासली, तेव्हा गडद कातडीवर त्यांची कामगिरी घसरली. आपल्याकडे मेलॅनोमा मुळातच दुर्मीळ, आणि झालाच तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. मोबाइलवरच्या कुठल्याही तीळ-तपासणी अ‍ॅपला तुमच्या मुलाचा गाल दाखवण्याआधी हे लक्षात असू द्या.

मागे जाऊन विचारणं

ही गोष्ट मला हुशारीपेक्षा सवयीची वाटते. मेमोरियल हॉस्पिटलनं स्लाइड्स फेकून दिल्या नव्हत्या. फायली होत्या. मुलं कुठे गेली, जिवंत आहेत का, हे शोधता येत होतं. हंटरनंही न समजलेली गाठ बाटलीत ठेवली होती. निदान चुकलं तर ते दुरुस्त व्हायला आधी ते जपलेलं असावं लागतं.

म्हणून एक अगदी व्यवहाराची गोष्ट. घरात कुणाची बायॉप्सी झाली तर रिपोर्ट फाइलला लावाच, पण ब्लॉक कुठे आहे तेही विचारून ठेवा. संशय असेल तर दुसरं मत मागायला लाजू नका. चांगले पॅथॉलॉजिस्ट स्वतःच मागतात. आणि रिपोर्टात 'नाकारता येत नाही' असं लिहिलेलं असेल, तर ते 'आहे' असं वाचू नका. 'नाही' असंही वाचू नका. ते जसं लिहिलंय तसंच वाचा.

स्पिट्झबाईंच्या निबंधाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. बारा मुलं जगली हे सांगणारा निबंध लिहिताना, दगावलेलं तेरावं मूल त्यांना बाजूला ठेवता आलं असतं. ते वेगळं आहे, अपवाद आहे, असं म्हणून. चित्र किती स्वच्छ दिसलं असतं. त्यांनी ते ठेवलं नाही. तेराही एकाच यादीत छापली. पुढच्या सगळ्या लोकांना जे शोधायचं होतं ते नेमकं त्या यादीत होतं: बारा आणि एक, सारखे दिसणारे, आणि त्यांच्यामधला फरक अजून कुणाला न सापडलेला.